पीळ आणि गाठ : मृणालिनी मुखर्जी यांच्या शिल्पांचे वाचन

२०१५ च्या जानेवारीअखेरीस दोन शहरांत दोन भारतीय कलावंतांची सिंहावलोकनी प्रदर्शने एकाच वेळी सुरू होती. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात वासुदेव गायतोंडे यांचे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मृणालिनी मुखर्जी यांचे. गायतोंडे नागपूरला जन्मले आणि जे. जे.त शिकले. त्यांच्यावर मराठीत लिहिले गेले आणि अजूनही लिहिले जाते. मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला, एवढाच त्यांचा महाराष्ट्राशी धागा. पुढचे आयुष्य डेहराडून, शांतिनिकेतन, बडोदा आणि दिल्ली यांत गेले. दिल्लीचे प्रदर्शन उघडले आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्या गेल्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली तेव्हा तिच्यात 'दोरखंडाची शिल्पे करणाऱ्या' एवढेच वर्णन मी वाचले.

या दोघांना शेजारी ठेवण्याचे एक कारण आहे. गायतोंडे आपल्या चित्रांना नाव देत नसत, आणि 'अमूर्त' या शब्दापेक्षा 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे. मुखर्जी यांनी मात्र आपल्या शिल्पांना भरभरून नावे दिली : यक्षी, पक्षी, रुद्र, देवी, बसंती, वनश्री, अरण्यानी, आदिपुष्प. नावे वाचून शिल्पाकडे पाहिले की ओळखीचे काही सापडत नाही. चेहरा नाही, हात नाहीत, आयुधे नाहीत, वाहन नाही. पाकळी म्हणावी तर ती ओठासारखी दिसते, ओठ म्हणावा तर वस्त्राची चूण. मग हे मूर्त की अमूर्त? पाश्चात्त्य समीक्षक त्यांना देवीपूजेकडे नेतात, आपले समीक्षक हस्तकलेकडे. या दोन्ही वाटांनी गेले की शिल्प हातून निसटते असे माझे मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे कलाशिक्षण झालेले नाही. कॅटलॉग, जुनी नियतकालिके, संग्रहालयांच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणे यांतून जे कळले त्यावर मी लिहिते. यामुळे एक सवय लागली आहे. शिल्पाचा अर्थ काय, याआधी ते केले कसे, हे मी विचारते. मुखर्जी यांच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडते.

घर आणि शाळा

वडील बिनोदबिहारी मुखर्जी शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. हिंदी भवनातले मध्ययुगीन संतांचे त्यांचे भित्तिचित्र १९४६-४७ चे. भिंतीवर पूर्ण आकाराचा आराखडा आधी उतरवून न घेता त्यांनी ते थेट रंगवले. १९५७ साली डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरही ते कागद कापून, चिकटवून, मातीला आकार देऊन काम करत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट केला. आई लीला मुखर्जी शिल्पकार. त्या लाकडात काम करत आणि डेहराडूनच्या शाळेत कला शिकवत. मृणालिनी ही त्यांची एकुलती एक मुलगी.

आंधळा झालेला बाप आणि स्पर्शाची शिल्पे करणारी मुलगी, हे समीकरण इतके आयते आहे की ते टाळणे कठीण. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मुखर्जी तंतूच्या कामासाठी आधी रेखाटने करत नसत. आराखडा नाही, छोटे प्रतिरूप नाही. हातात दोर घेऊन पहिली गाठ मारायची आणि पुढचे त्या गाठीवरून ठरवायचे. वडिलांच्या भित्तिचित्राची आणि मुलीच्या शिल्पाची ही कामाची रीत एकाच घरातली आहे. हा वारसा कामाच्या सवयीतून आलेला दिसतो, आणि तो आंधळेपणाच्या कथेपेक्षा अधिक तपासता येतो.

१९६५ साली त्या बडोद्याच्या कलाशाखेत दाखल झाल्या. शिकल्या चित्रकला, शिल्पकला नव्हे. त्यानंतर १९७० ते ७२ या काळात के. जी. सुब्रह्मण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्रणाचा अभ्यास केला. सुब्रह्मण्यन हे शांतिनिकेतनात बिनोदबिहारींचे विद्यार्थी. १९५९ ते ६१ या काळात ते मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात डिझाइनचे उपसंचालक होते. पुढे १९६३ साली लखनौच्या रवींद्रालयासाठी त्यांनी मातीच्या भाजलेल्या तुकड्यांचे मोठे भित्तिशिल्प केले. कारागिरी ही कलेची गरीब बहीण आहे, ही समजूत त्यांनी आयुष्यभर खोडून काढली. बडोद्याच्या कलाजत्रेत प्राध्यापक आणि विद्यार्थी खेळणी, मुखवटे, भांडी करून विकत, त्यामागेही हाच विचार होता.

मराठी वाचकाला इथे प्रभाकर बरवे आठवतील. बरवे १९६१ पासून दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी वाराणसीत आणि मग मुंबईत. आधुनिक भारतीय कलेचा हातमागाशी किती जवळचा संबंध आला, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही. बरवे यांच्या चित्रांवर लिहिताना आपण तंत्रविद्येची प्रतीके शोधतो. दिवसाचे आठ तास ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर कापडाचे नमुने होते, त्याच्या अवकाशाची मांडणी त्यातून काय शिकली, हे विचारत नाही. मुखर्जी यांच्याबाबतीत तोच निष्काळजीपणा उलट बाजूने होतो. धागा दिसला की आपण लगेच हस्तकलेच्या खणात त्यांना ठेवून मोकळे होतो.

गाठीचे व्याकरण

त्यांनी वापरलेला तंतू संग्रहालयांच्या पाटीवर 'हेम्प' म्हणून येतो. राठ, लांब धाग्याचा, तागाच्या जातीचा, बाजारात दोर म्हणून मिळणारा हा माल. तो त्या निवडून घेत, रंगवत आणि मग गाठी मारत. माग नाही, सुई नाही. विणकामात उभे धागे ताणलेले असतात आणि आडवे त्यांतून जातात. चौकट आधी असते, वस्त्र नंतर. गाठीच्या कामात चौकट नसते. प्रत्येक गाठ ही शेजारच्या दोन-चार पदरांचा आपापसातला करार असते.

ही गाठीची पद्धत म्हणजे मॅक्रेमी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत तिची साथच आली होती. कुंड्यांची शिंकी, भिंतीवरची घुबडे, टेलिफोनखालची जाळीदार पट्टी. सुट्टीतल्या वर्गात मीही ती शिकले आहे, त्यामुळे एक गोष्ट हाताला ठाऊक आहे. गाठी घट्ट आणि जवळजवळ मारल्या की दोराचा पुठ्ठा होतो आणि तो वाकवला तरी परत उभा राहू पाहतो. गाठी सैल सोडल्या की तोच दोर पदरासारखा ओघळतो. मध्येच नवे पदर जोडत गेले की पट्टी पसरट होते आणि कडेला चुण्या पडतात. पदर कमी करत गेले की ती निमुळती होऊन वळते. ताठरपणा, ओघळ, पसरण आणि वळण हे चारही गुण एकाच कृतीतून येतात, फक्त तिचे प्रमाण बदलते.

मुखर्जी यांची शिल्पे या चार गुणांतून उभी राहतात. 'यक्षी' (१९८४) किंवा 'पक्षी' (१९८५) पाहताना प्रथम आकार दिसतो : माणसाहून मोठा, मध्यभागी दुभंगलेला, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा पसरलेला. जवळ गेले की आकार विरघळतो आणि गाठींच्या रांगा दिसू लागतात. रांगा जिथे दाट होतात तिथे कणा तयार होतो, जिथे विरळ होतात तिथे झोळ पडतो. मातीच्या किंवा दगडाच्या शिल्पात पृष्ठभाग ही शेवटची गोष्ट असते, घासून पुसून दिलेली. इथे पृष्ठभाग आणि रचना एकच आहेत. आत वेगळे काही लपलेले नाही. जी गाठ दिसते तीच वजन पेलते.

माझ्या मते त्यांचे अमूर्तन इथे आहे. गाठ कशाचेही चित्र नसते. ती पानाची नक्कल करत नाही, शरीराची करत नाही. हजारो गाठींचे प्रमाण बदलत जाताना पानासारखे, योनीसारखे, पिसाऱ्यासारखे काहीतरी घडते, कारण वाढणाऱ्या सगळ्याच गोष्टी कडेला जास्त आणि मध्ये कमी वाढल्या की अशाच चुण्या घेतात. कोबीचे पान, कोंबड्याचा तुरा, समुद्रातले पोवळे यांच्या कडा पाहाव्यात. निसर्गाचे रूप उचलण्याऐवजी निसर्गाची रीत उचलणे, असे हे काम आहे.

युरोपातही त्या काळात तंतूची मोठी शिल्पे होत होती. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांची सिसलची प्रचंड लोंबती कामे साठच्या दशकातली. १९६५ साली साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात त्यांना सुवर्णपदक मिळाले. दोघींची तुलना वारंवार होते. फरक तंत्रात आहे. आबाकानोविच विणत, मुखर्जी गाठी मारत. विणलेल्या कामात कापडाची आठवण राहते, ते फाडलेले, शिवलेले, पांघरलेले वाटते. गाठींचे काम वाढलेले वाटते.

नाव आणि रूप

मग नावांचे काय करायचे? इंग्रजी लेखांत 'वनश्री' (१९९४) या नावाचा अर्थ वनदेवता असा दिला जातो. तो चूक नाही. पण मराठी वाचकाच्या कानाला वनश्री म्हणजे आधी झाडझाडोरा, रानाची हिरवी शोभा. वन विभागाच्या पाट्यांवरही हा शब्द याच अर्थाने असतो. देवता आणि वनस्पती असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत आणि आपल्याला त्यांत निवड करावी लागत नाही. 'अरण्यानी' (१९९६) ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका सूक्ताची देवता आहे, आणि तीही अरण्यापासून वेगळी काढता येत नाही. 'जबा' (२०००) हे आता लंडनच्या टेट संग्रहात असलेले शिल्प तंतू आणि पोलाद यांचे. जबा म्हणजे बंगालीत जास्वंद. तिकडे ती कालीला वाहतात, इकडे गणपतीला. फूल आणि पूजा यांच्यामधली रेघ आपल्या भाषांनीच पुसट ठेवली आहे.

म्हणून ही नावे म्हणजे मूर्तीची ओळखपत्रे नव्हेत. मुखर्जी यांनीही आपली दैवते कुठल्या मूर्तिशास्त्रातली नाहीत अशीच भूमिका घेतली होती. गाभाऱ्यात शिरल्यावर समोरच्या रूपाने जो दरारा वाटतो, तो त्यांना हवा होता. हा दरारा कशाने निर्माण होतो? समोरासमोरच्या मांडणीने, डाव्या-उजव्या समतोलाने, मधल्या अंधाऱ्या पोकळीने, आणि पाहणाऱ्यापेक्षा थोड्या अधिक उंचीने. या सगळ्या रूपाच्या गोष्टी आहेत. देवाचे नाव काढून घेतले तरी त्या शिल्लक राहतात.

दिल्लीतच रिझर्व्ह बँकेच्या दाराशी रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत. रामकिंकर म्हणजे शांतिनिकेतनातले बिनोदबिहारींचे सहकारी, मृणालिनी यांनी लहानपणी पाहिलेले शिल्पकार. त्यांची यक्षी दगडाची, भक्कम, सरकारी इमारतीची राखणदार. त्याच शहरात मुखर्जी यांनी तेच नाव दोराच्या कामाला दिले. दगडाची यक्षी आपल्या वजनाने उभी राहते. दोराच्या यक्षीला उभे राहणे हाच प्रश्न आहे. दोन्ही नावे एक असल्याने हा फरक अधिक टोकदार होतो, आणि कुठल्याही पुराणकथेपेक्षा तो मला जास्त बोलका वाटतो.

उभे राहण्याचा प्रश्न

त्यांच्या चार दशकांहून अधिक काळाच्या कामाचा आलेख काढायचा तर तो माध्यमांवरून काढण्याची पद्धत आहे : आधी तंतू, मग भाजलेली माती, मग ब्रॉन्झ. मी तो जमिनीशी असलेल्या नात्यावरून काढून पाहते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची कामे भिंतीच्या आधाराने असतात. भित्तिचित्रणाच्या विद्यार्थिनीला ते साहजिकच होते. मग ती भिंतीपासून सुटतात आणि छताला लोंबू लागतात. आता त्यांना मागची बाजू मिळते, त्यांच्याभोवती फिरता येते. १९७८ साली ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडमध्ये वेस्ट सरे कॉलेजात शिल्पकलेच्या अभ्यासाला गेल्या. ऐंशीच्या दशकातली 'रुद्र' आणि 'देवी' (दोन्ही १९८२) यांसारखी कामे आकाराने आणि आत्मविश्वासाने वाढलेली आहेत. पुढे काही शिल्पे जमिनीवर उतरतात, आत धातूचा सांगाडा घेऊन उभी राहतात किंवा बैठक मारतात. १९९१-९२ च्या 'वृक्षनाट' मध्ये एकाहून अधिक रूपे मिळून एक दृश्य होते. १९९४ साली ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन झाले, तोपर्यंत हा प्रवास पूर्ण झाला होता.

लोंबणारा दोर खाली ओढला जातो. तो खाली ओढला जाणे हेच त्याचे रूप. उभा राहणारा दोर सतत खाली ओढला जात असूनही उभा असतो. म्हणून या कामांत एक ताण भरून राहिला आहे. त्यांच्यात डौल आहे, पण आता खचतील की काय अशी शंकाही आहे. स्त्रीच्या देहाविषयी या शिल्पांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले मला पटते ते एवढेच : मऊ पदार्थाने ताठ उभे राहावे ही मागणी कोणाकडून केली जाते आणि ती कशी निभावली जाते, हे या शिल्पांना माहीत आहे.

१९९६ साली त्या नेदरलँड्समधल्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये काम करायला गेल्या. मातीत गाठ मारता येत नाही. तिथे त्यांनी मातीच्या पातळ पत्र्यांच्या घड्या घातल्या. माती सुकताना आकसते, भट्टीचे तोंड मोठेपणाला मर्यादा घालते, आणि चकाकीचा थर भाजून निघेपर्यंत रंग हातात नसतो. १९९९-२००० ची 'नाइट ब्लूम' मालिका या मर्यादांतून आली. वस्त्रात गुरफटून बसलेले कोणीतरी, किंवा रात्री उमललेले मांसल फूल. मला ही मालिका आवडते, पण तिच्यात तंतूच्या कामातला धोका नाही. माती भाजली की प्रश्न सुटतो. ती पुन्हा खचणार नाही.

सुंभ जळाला तरी

२००० नंतर त्या ब्रॉन्झकडे वळल्या. पद्धत मेणाची : मेणात आकार घडवायचा, त्यावर साचा चढवायचा, तापवून मेण वाहू द्यायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. चोल काळच्या मूर्तींपासून बस्तरच्या ढोकऱ्यापर्यंत आपल्याकडे ही पद्धत चालत आली आहे. मेण बोटांना वश असते. दाबले तसे दबते, ताणले तसे पातळ होते, बोटाचा ठसाही धरून ठेवते. 'नॅचरल हिस्टरी' नावाची सुरुवातीची लहान कामे आणि अखेरच्या वर्षांतली 'पामस्केप' मालिका यांत झावळ्या, देठ, सोललेली साल, कुजत आलेले खोड अशा कशाकशाचे रूप आहे. ती पुष्कळदा आडवी, जमिनीलगत पसरलेली असतात.

'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हेकट माणसाविषयी वापरतो. इथे ती शब्दशः खरी वाटते. दोर गेला, मेणही वितळून गेले, पण पीळ धातूत राहिला. एका माध्यमात पंचवीस वर्षे हाताला जे वळण लागले, ते दुसऱ्या माध्यमात बोटांनी पुन्हा शोधले. कारकीर्दीचे सातत्य दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

तरीही एक मतभेद नोंदवला पाहिजे. ब्रॉन्झकडे जाणे म्हणजे कलावंताला बढती मिळणे, असा सूर काही लेखनात असतो. हस्तकलेच्या दोरातून सुटून ती अखेर 'खऱ्या' शिल्पाच्या धातूत आली, असा त्याचा मथितार्थ. मला उलट वाटते. ब्रॉन्झ आपोआप उभा राहतो, त्याला उभे राहण्यासाठी काही करावे लागत नाही. बहुधा हे ओळखूनच मुखर्जी यांनी त्याला आडवे केले. पडलेली झावळी, गळून कुजणारे पान हे विषय त्या धातूला साजतात, कारण त्यांत उभे राहण्याचा प्रश्नच मिटलेला आहे. काही 'पामस्केप' अतिशय गंभीर, थोर कामे आहेत. पण कारकीर्दीचे शिखर कोणते असे विचारले तर मी १९८० ते १९९५ च्या दरम्यानची तंतूची शिल्पे दाखवीन. तिथे पदार्थ आणि रूप यांच्यातला झगडा उघड्यावर आहे.

मुंबईत पिलू पोचखानवाला आणि आदी दाविएरवाला यांनी अमूर्त शिल्पाची वाट पाडली. एकीने भंगार धातू जोडला, दुसऱ्याने लाकडापासून पोलादापर्यंत आणि पुढे पारदर्शक प्लास्टिकपर्यंत प्रयोग केले. त्या दोघांचा पदार्थ यंत्रयुगातला, कारखान्याचा. मुखर्जी यांचा पदार्थ बाजारातल्या दोरवाल्याचा. भारतीय अमूर्त शिल्पाचा इतिहास लिहिताना या दोन वाटा एकत्र ठेवाव्या लागतील. आजवर दुसरी वाट बहुधा 'टेक्स्टाइल' या प्रकरणात जाते.

वळणारे हात

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने एक गोष्ट विसरू नये. आपल्या गावगाड्यात दोर वळणे ही जातीने ठरवून दिलेली मजुरी होती. घायपाताचा वाख काढायचा, पाण्यात कुजवायचा, आपटून धुवायचा, वाळवायचा आणि मग वळायचा. मोटेचा नाडा, बैलांचे कासरे, दावी, चऱ्हाटे, मुसकी हे सगळे मातंग समाजाने पुरवायचे आणि बदल्यात बलुते घ्यायचे. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवे दोर चढत, ते वळणारे हात मात्र गावाबाहेर राहत. पीळ, पदर, सुरगाठ, निरगाठ हे शब्द मराठीत त्या हातांनी टिकवले आहेत. वर मी जे वर्णन केले त्यासाठी मला इंग्रजीतून एकही संज्ञा उसनी घ्यावी लागली नाही, 'मॅक्रेमी' सोडून.

हा आरोप मुखर्जी यांच्यावर नाही. त्यांनी दोराला दोर म्हणूनच वागवले, त्याचा राठपणा लपवला नाही, त्याला रेशमाचे सोंग दिले नाही. प्रश्न आपल्या समीक्षेला आहे. दालनात टांगलेल्या दोराला आपण 'तंतू' म्हणतो आणि गोठ्यातल्या दोराला 'दोर'. पहिल्याविषयी आपण आदिमता, शक्ती, गाभारा असे शब्द वापरतो. दुसऱ्याविषयी काहीच बोलत नाही. हस्तकला आणि कला यांच्यातली भिंत मोडली असे आपण मुखर्जी यांच्याविषयी अभिमानाने लिहितो, पण ती भिंत फक्त एका बाजूने मोडलेली असते. कलावंत हस्तकलेत जाऊन येऊ शकते. दोर वळणारा कलेत येऊ शकत नाही.

असे म्हणताना त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. गाठ मारणे ही किती अवघड, किती विचार लागणारी कृती आहे हे ज्या शिल्पांनी दाखवले, त्यांनी त्या सगळ्या निनावी गाठींकडेही पाहायला भाग पाडले. घट्ट विणलेले मुसके पाहा : बैलाच्या तोंडाच्या आकाराची पोकळी, एका दोरातून, कोणत्याही साच्याशिवाय. त्यामागची बुद्धी 'पुष्प' (१९९३) मागच्या बुद्धीची सख्खी नातलग आहे.

टिकणे

तंतूवर धूळ बसते, प्रकाशाने रंग उडतो, दमटपणाने बुरशी येते, किडीची भीती असते, आणि लोंबते वजन वर्षानुवर्षे गाठींना ताणत राहते. संग्रहालयांना अशी कामे ठेवणे दगड किंवा धातू ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड जाते. ही कामे नाशवंत आहेत म्हणून काहीजण गणपतीच्या विसर्जनाचा दाखला देतील. तो इथे लागू नाही. विसर्जन हे मूर्तीच्या विधीतच असते, मूर्तिकाराला ते आधीपासून ठाऊक असते. मुखर्जी महिनोन्महिने घट्ट गाठी मारत होत्या त्या शिल्प टिकावे म्हणून. त्यांचे जतन करणे ही भावनेची बाब नसून संग्रहालयाच्या अंदाजपत्रकातली बाब आहे, आणि आपल्या सार्वजनिक संग्रहांनी ती तशीच हाताळली पाहिजे.

मोठी मान्यता त्यांना मृत्यूनंतर मिळाली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये 'फिनॉमिनल नेचर' हे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात 'रुद्र', 'देवी' आणि 'वनश्री' दिसल्या. २०२५ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीने त्यांना त्यांच्या वर्तुळासह मांडले : आईवडील, सुब्रह्मण्यन, जगदीश स्वामिनाथन, गुलाममोहम्मद आणि नीलिमा शेख. हे वर्तुळ योग्यच आहे. त्यात गुरू आहेत, मित्र आहेत, घर आहे. मला त्यात आणखी एक जागा हवी होती : ज्यांच्या हातून पहिला पीळ पडला त्यांची. ते प्रदर्शन लंडनला करणे कठीण. बडोद्याला, दिल्लीला किंवा मुंबईला ते करता येईल. 'यक्षी'च्या शेजारच्या दालनात मोटेचा नाडा, शिंके, गोफण आणि मुसके ठेवावे, वळणाऱ्यांची नावे मिळतील तेवढी पाटीवर लिहावीत, आणि पाहणाऱ्याला दोन्ही दालनांत एकाच डोळ्याने फिरू द्यावे.